झाले गेले गोदेला मिळाले? १७ सप्टेंबर आणि क्षमेची अपेक्षा (थ्रेड)

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की केळीच्या बागा सुरू होतात आणि अर्धापूर येते. दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याप्रमाणे येथेही ध्वज चढतो. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या फौजेने लढाई थांबवली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले.

निमंत्रणपत्रिकेवर या दिवसाचे नाव ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असे छापलेले असते. घराघरांत मात्र त्या काळाची वेगळीच नावे आहेत. हिंदू घरातली आजी ‘रझाकारीत’ असे म्हणते. रझाकारीत गाव सोडले, रझाकारीत दागिने पुरले. जुन्या मुस्लीम घरातली आजी ‘पोलीस ॲक्शन’ म्हणते आणि तो शब्द तारखेसारखा वापरते. मोठा मुलगा ॲक्शनच्या आधीचा, धाकटी मुलगी नंतरची. दोघींच्या सांगण्यात फार तर काही महिन्यांचे अंतर असते, पण एकीच्या आठवणीत दुसरीची आठवण सहसा येत नाही.

आणि दोघींनाही कोणीतरी कधी ना कधी सांगितलेले असते : झाले गेले गंगेला मिळाले, आता जुनी मढी कशाला उकरायची? प्रश्न असा की हे सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

आधी रझाकारी. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ सालची. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये तिची सूत्रे लातूरचा वकील कासीम रझवी याच्याकडे गेली. त्याच्या काळात रझाकार नावाचे सशस्त्र दल खेडोपाडी पसरले. गावागावांवर खंडणी बसली. खंडणी दिली तर बहुधा निभावले. नाकारली की लूट, आणि गाव उभे राहिलेच तर जाळपोळ आणि खून. नांदेड भागातली कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची सरहद्द छावणी होती. तिथून प्रतिकार चालला.

(येथे एक खुलासा. हुतात्मा गोविंदराव पानसरे यांची १९४६ साली हत्या झाली ते गाव बिलोलीजवळचे अर्जापूर. नावे जवळची असल्याने अर्धापूरशी गल्लत होऊ शकते. आणि २०१५ साली कोल्हापुरात ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ते कॉम्रेड गोविंद पानसरे वेगळे.)

या अत्याचारांची आठवण ठेवणे हा जातीयवाद आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने अर्जापूरला जाऊन यावे.

आता दुसरी बाजू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत सारे आटोपले. सैनिकी इतिहासाची पुस्तके बहुतेक इथेच थांबतात. खेड्यांमध्ये मात्र पुढचे कित्येक आठवडे मुस्लीम वस्त्यांवर हल्ले होत राहिले. दिल्लीपर्यंत बातम्या गेल्या, तेव्हा नेहरू आणि मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने एक सद्भावना मंडळ पाठवले गेले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे सदस्य. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. जिथे पोहोचता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांना त्यांनी भेटून विचारले.

त्यांच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मारल्या गेलेल्यांची संख्या सुमारे १८ हजार. संपूर्ण संस्थानाचा त्यांचा सावध अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा. आकड्यांवर वाद घालता येतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो घालावाच. पण लातूरविषयीचे वर्णन वाचताना आकडे मागे पडतात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझवीचे गाव म्हणून तिथे राग अधिक होता. अहवालानुसार तिथली कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, सुमारे दहा हजारांच्या मुस्लीम वस्तीत मंडळाला जेमतेम तीन हजार माणसे सापडली. हजारावर मारली गेली होती, उरलेली जीव घेऊन पळाली होती. सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या काही जणांनी लुटीला हात लावल्याचेही त्यात लिहिले आहे.

रझाकारांच्या खंडणीचे जे वर्णन वर आले, तेही याच अहवालातले. दोन्ही गुन्हे एकाच कागदावर लिहिण्याचे काम त्या तिघांनी केले. तसे काम नंतर फार थोड्यांनी केले.

आणखी एक नोंद त्यात आहे आणि ती विसरली जाऊ नये. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लीम विणकरांना वाचवले, प्रसंगी स्वतःचे प्राण गमावून. एकाच धंद्यातली माणसे एकमेकांसाठी उभी राहिली. मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्याला शेजारच्या मागाचा आवाज रोज ऐकू येतो, एवढेच कदाचित त्याचे कारण असेल.

अहवाल प्रसिद्ध झाला नाही. सरदार पटेलांना तो मुळीच मान्य नव्हता. पुढची अनेक दशके त्याचे तुकडे अधूनमधून अभ्यासकांच्या हाती लागत राहिले. पूर्ण मजकूर सहजी वाचता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास, ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकाच्या परिशिष्टात. म्हणजे ६५ वर्षे ज्या गुन्ह्याचे अस्तित्वच अधिकृतपणे मान्य झाले नाही, तो विसरून जा असे त्या माणसांना सांगितले गेले. जे घडलेच नाही ते माफ तरी कसे करायचे?

या काळात क्षमा झालीच नाही असे मात्र नाही. ती राज्यसंस्थेने केली, आणि वरच्या माणसांना केली. ज्या निजामाच्या छायेखाली रझाकार वाढले, तो मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय प्रजासत्ताकातल्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. कासीम रझवी १९५७ मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत वारला. राजकारणाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे असेलही. पण जिचे दागिने पुरलेलेच राहिले त्या आजीला कोणी विचारले नव्हते. आणि लातूरचा जो मुस्लीम सुतार किंवा विणकर रझवीच्या नावाने मारला गेला, त्याच्यासाठी अशी कोणती सवलत नव्हती. सरदाराला माफी आणि त्याच्या गल्लीतल्या माणसाला मृत्यू, हा १९४८ चा हिशेब आहे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. १९९५ च्या कायद्याने तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष झाले. कौतुक करताना लोक एक गोष्ट गाळतात : तिथे माफीची किंमत होती. गुन्ह्याची संपूर्ण कबुली दिल्याशिवाय माफी मिळणार नव्हती. तरीही १९७७ साली पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या व्यवस्थेलाच घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. ते हरले, पण त्यांची हरकत नोंदवली गेली. पुढे १९९९ मध्ये बिको प्रकरणातल्या पोलिसांचे माफीचे अर्ज आयोगाने फेटाळले. मराठवाड्यात कबुली नव्हती, अर्ज नव्हता, हरकत नोंदवायला दारही नव्हते.

सायमन विझेन्थाल यांनी ‘द सनफ्लॉवर’ या पुस्तकात छळछावणीच्या काळातला एक प्रसंग लिहिला आहे. मरणाला टेकलेला एक नाझी सैनिक त्यांना खाटेजवळ बोलावून ज्यूंना घरात कोंडून जाळल्याची कबुली देतो आणि क्षमा मागतो. विझेन्थाल काही न बोलता खोलीबाहेर पडतात. जळालेल्या माणसांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिसऱ्या ज्यूलाही नसेल, तर दूर बसलेल्या भाष्यकाराला, मंत्र्याला किंवा सत्तर वर्षांनंतरच्या शेजाऱ्याला तो कुठून येतो?

यावर एक उत्तर ठरलेले असते. ‘गावात तर सगळे मिळूनमिसळून राहतात. लोकांनी केव्हाच माफ केले.’ हे अर्धे खरे आहे. अर्धापूरच्या बाजारात केळीचा घड विकणारा आणि घेणारा एकमेकांचा धर्म विचारत नाहीत. लग्नाच्या पत्रिका इकडून तिकडे जातात. पण मराठीत याला निभावणे म्हणतात, क्षमा म्हणत नाहीत. शेत एकाच शिवारात, विहीर एकाच बांधावर, मग माणसे निभावतात. त्या निभावण्यात मोठे शहाणपण आहे. त्याला परस्पर क्षमेचे नाव देऊन ज्यांनी कधी काही मागितलेच नाही त्यांना मोकळे करणे, हे त्या शहाणपणाशी बेइमानी करणे आहे.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे : क्षमा केली नाही तर सूड उरतो. १९४८ चा शरद ऋतू याचा पुरावा म्हणून दाखवता येईल, रझाकारांवरचा राग मुस्लीम गल्ल्यांवर निघालाच. पण तेव्हा नेमके काय झाले ते पाहावे. सुडाने नावे तपासली नाहीत. खंडणी कोणी वसूल केली आणि कोणी घरात दार लावून बसला, हा फरक त्याने पुसून टाकला. ज्याला खरोखर क्षमा करायची नसते त्याला गुन्हेगाराचे नाव, गाव आणि तारीख पक्की हवी असते. शोएबुल्ला खान हे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे नाव लक्षात ठेवणारा माणूस दर १७ सप्टेंबरला शेजारच्या मुस्लीम मुलाकडून निष्ठेचा दाखला मागणार नाही. आणि लातूरचे वीस दिवस लक्षात ठेवणारा, अर्जापूरच्या हुतात्म्याला केवळ ‘त्यांचा’ हुतात्मा म्हणणार नाही.

पीडितांकडून सूड न घेण्याची अपेक्षा धरता येते, ती कायद्याचीही आहे. क्षमेची अपेक्षा धरता येत नाही. ती कोणी दिली तर ते त्याचे औदार्य, न दिली तर त्याचा दोष नाही.

मराठवाड्यात हुतात्मा स्मारके आहेत, ती असावीत. सुंदरलाल मंडळाने मोजलेल्या माणसांची नावे मात्र गावातल्या कुठल्या दगडावर सापडत नाहीत. १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुले आता नव्वदीकडे झुकली आहेत. त्यांच्यातला कोणी ‘रझाकारीत’ म्हणतो, कोणी ‘पोलीस ॲक्शन’च्या वेळी म्हणतो. या दिवाळीच्या किंवा ईदच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी वही सोबत न्यावी. दोन्ही शब्दांनी सुरू होणाऱ्या गोष्टी एकाच वहीत उतरवून घ्याव्यात, आणि सांगणाऱ्याला शेवटी माफ केले का, असे विचारू नये.