जर्मनची वाट मराठीतून

जर्मन शिकायला बसलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या वह्या मी आवर्जून बघतो. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ. मराठी कुठेच नाही. घरी मराठी बोलणारी, मराठीत भांडणारी, मराठीत रुसणारी ही मुलं जर्मनकडे निघाली की आईची भाषा उंबऱ्यावरच ठेवून जातात. मला याचं फार वाईट वाटतं. जर्मन अवघड आहे ही समजूत बरीचशी त्या उजव्या रकान्यातून आलेली आहे.

मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८८० साली जर्मनबद्दल तक्रारींचा एक अख्खा निबंध छापला. मुलगी नपुंसकलिंगी कशी, क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत ताटकळायचं का, असा त्याचा त्रागा. तो इंग्रजीतून आला होता, त्याचं साहजिक होतं. पण तो दरवाजा, ती खिडकी, ते कुलूप हे आपल्याला कुणी शिकवलं? तीन लिंगं आपण बोलायला लागलो तेव्हापासून जिभेवर आहेत. जर्मनमध्ये त्यांच्या खुणा डेअर, डी आणि दास. मुलीला जर्मन शब्द आहे मेडशेन. त्यातला शेवटचा ‘शेन’ लहानपणाचा, लाडाचा प्रत्यय आहे, आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू या सगळ्यांना ‘ते’ म्हणणाऱ्या, लेकीला जवळ घेऊन ‘माझं गुणी बाळ ते’ म्हणणाऱ्या माणसांना यात नवल कसलं?

आता एक वाक्य घेऊ. ‘इश वाइस, दास डू मॉर्गन कोम्स्ट.’ मला ठाऊक आहे, की तू उद्या येतोस. स्वल्पविरामाच्या पुढे बघा. ‘दास’खाली ‘की’, ‘डू’खाली ‘तू’, ‘मॉर्गन’खाली ‘उद्या’, ‘कोम्स्ट’खाली ‘येतोस’. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. (हा दास उच्चाराने लिंगाच्या दाससारखाच असला तरी शब्द वेगळा, लिहिण्यातही वेगळा.) आणि ‘तू’ आला की येतो‘स’मध्ये जसा स लागतो, तसा ‘डू’ आला की कोम्‘स्ट’मध्येही लागतो. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मला दर वेळी नव्याने आनंद होतो. फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने १८१६ मध्ये संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या भाषांच्या शेजारी मांडली, तेव्हा त्यालाही असंच काही वाटलं असेल. संस्कृतचं ‘अस्ति’ आणि जर्मनचं ‘इस्ट’ ही एकाच घरातली भावंडं आहेत.

आकडेही तसेच. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मन माणूसही आधी एक म्हणतो, मग ‘आणि वीस’. परक्याला ‘झी’ आणि जवळच्याला ‘डू’ म्हणायचं, हा तर आपला रोजचा तुम्ही आणि तू. झेड या अक्षराचा जर्मन उच्चार इंग्रजीच्या वाटेने आलेल्यांना छळतो. तो आपल्या चुलीतला, चमच्यातला च आहे. चहातला नव्हे.

सगळं सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लिंगं तीन असली तरी वाटणी निराळी आहे. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येऊन बसतं आणि तिथे आपली सवय मोडावी लागते. विभक्ती चारच, पण आपण ‘घराला’, ‘घरात’ म्हणताना नामाचं रूप बदलतो. ते बहुतेक वेळा नामाच्या आधीचं डेअर-डी-दास बदलतात, म्हणून कान नामाच्या आधीच टवकारायला हवा. आणि तो दोन टिंबांचा यू! ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे, ते तसेच धरून आतून ‘ई’ म्हणायचं. पहिले काही दिवस ओठ ऐकत नाहीत. मग एका सकाळी तो स्वर आपोआप निघतो आणि तोंडात एक नवी जागा सापडल्यासारखं वाटतं. शिकण्यातलं एवढं शुद्ध सुख मला दुसरीकडे क्वचितच मिळालं आहे.

इरावती कर्व्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली आणि पुढे ‘युगान्त’ मराठीत लिहिलं. परकी भाषा शिकायला आपली बाजूला ठेवावी लागत नाही.

तेव्हा आज वर्गाला नाव घातलं असेल तर एवढं करा. प्रत्येक नाम त्याच्या डेअर, डी किंवा दाससकट पाठ करा, सुटं कधीच नको. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. आणि वहीतल्या उजव्या रकान्यात अर्थ मराठीत लिहा.