चौथा चरण

शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. इ.स. १२९६ मधल्या या तिथीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. तो प्रसंग सांगणारे नामदेवांचे ‘समाधी’चे अभंग मी दर कार्तिकात वाचते. पुणेकरांना आळंदी परकी नाही. आषाढवारीत माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा तर ती दारीच असते. या अभंगांपाशी मात्र मी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजत रेंगाळते.

हे अभंग ‘मोठ्या अभंगा’च्या मापातले; त्याचा हिशेब साधा: ६, ६, ६ आणि ४ अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. छंदशास्त्रात याला देवद्वार छंद म्हणतात. इथे ऱ्हस्व-दीर्घ सारखेच, जोडाक्षरही एकच. एखादं अक्षर कमी-जास्त झालं तर गाताना सावरून घेता येतं. मंदाक्रांतेसारखा लघु-गुरूंचा काटेकोर क्रम नाही, म्हणून अक्षरओळख नसलेल्यालाही हा शोक गाता येतो.

पहिल्या चरणाला कुणाशी जुळवून घ्यायचं नसतं. घडलं ते तो सरळ सांगतो. पुढच्या दोन चरणांत यमक येतं, आवाजाला आधार मिळतो. कान पुन्हा सहा अक्षरांची वाट पाहतो आणि चौथा चरण चारांवरच थांबतो. रडणाऱ्याचं वाक्य असंच तुटतं. उरलेली जागा गाणाऱ्याने स्वर लांबवून भरायची. ‘ज्ञानदेव’ मोजून पाहा, चार अक्षरं. त्यांची बहीण ‘मुक्ताबाई’, तीही चारच. त्या आखूड चरणात एक नाव नेमकं मावतं.

ज्ञानेश्वरीच्या ओवीतही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि सुटा. ज्ञानदेवांचा हरिपाठ तर याच अभंगछंदात आहे. म्हणजे नामदेवांनी मित्राला निरोप दिला तो मित्राच्याच छंदात.

आजही आळंदीच्या समाधी सोहळ्यात नामदेवांच्या वंशातल्या नामदास महाराजांचं कीर्तन होतं. अक्षरं मोजली की कवितेतला भाव आटतो, हे मला पटत नाही. नामदेवांचा नुसता हुंदका त्यांच्याबरोबरच संपला असता. तो मापात बसला, म्हणून सातशे वर्षं टाळ धरणाऱ्या कुणाच्याही गळ्यात उतरू शकला.