आत्याची शिट्टी

परवा शहागंजात घड्याळाखाली कुणाची तरी वाट बघत उभा होतो. शेजारच्या केळीवाल्याने झकास शिट्टी मारली, कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याची. गाणं ओळखता आलं नाही, पण आत्या आठवली.

कारण मंडळी, आमच्या घरात शिट्टीला इतिहास आहे.

आमचं जुनं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत होतं. (शहर आता छत्रपती संभाजीनगर झालं, पण नव्वदीच्या आत्याच्या तोंडी औरंगाबादच.) आजोबांना सगळे अण्णा म्हणत. निजामाच्या नोकरीत कारकून, आणि गाण्याचे वेडे. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांची मिळून पाच रेडिओ केंद्रं होती आणि त्यातलं एक आपल्या औरंगाबादचं होतं, हे मी अजूनही कॉलर ताठ करून सांगतो :) तिकडे ऑल इंडिया रेडिओने मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. अण्णांना ती मनापासून पटली. त्यांनी घरातली पेटी माळ्यावर टाकली आणि आत्याला तंबोऱ्यावर बसवलं. समोर पुस्तक विनायकबुवा पटवर्धनांचं 'राग-विज्ञान'. बुवा म्हणजे अण्णांचं दैवत.

मग १९४७ साली 'शहनाई' आला. त्यातलं ते रविवारचं गाणं आठवतंय ना? गिटार, माउथ ऑर्गन आणि शिट्टी! चौकातल्या हॉटेलात त्याची तबकडी दिवसभर फिरायची. बारा वर्षांची आत्या जिना उतरताना ती शिट्टी वाजवत आली आणि खाली अण्णा उभे. "ज्या तोंडाने सा लावायचा, त्या तोंडाने शिट्टी?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद. तंबोऱ्याला गवसणी चढली ती कायमची. आत्याने नंतर कुणासमोर गाणं म्हटलेलं मला तरी माहीत नाही. आरतीतसुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवते.

अण्णांच्या लेखी हा सगळा विलायती धांगडधिंगा. लढाईच्या काळात मुंबई गोऱ्या सोल्जरांनी भरली होती आणि ताजमध्ये मिकी कोरियाचा बँड त्यांना नाचवत होता. स्विंगचा जमाना! वाजवणारे बहुतेक गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले हे लोक. रात्री हॉटेलात ट्रंपेट-सॅक्सोफोन, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. हल्दोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, त्याला तर हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो.

'शहनाई' आणि 'अलबेला' दोन्हींचे संगीतकार सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. एवढं मला माहीत होतं. पण मागच्या महिन्यात त्यांच्याबद्दल वाचताना मी उडालोच. हा माणूस गांधर्व महाविद्यालयात शिकलेला, आणि तोही खुद्द विनायकबुवांकडे! सिनेमातल्या सुरुवातीच्या काळात तो मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजवायचा. म्हणजे अण्णांचं पुस्तक, अण्णांनी माळ्यावर टाकलेली पेटी आणि ज्या शिट्टीपायी आत्याचं गाणं गेलं ती शिट्टी, सगळं एकाच माणसात!

आणि हे इथलंच खूळ नव्हे. स्विंगचा राजा म्हणवणारा बेनी गुडमन. जानेवारी १९३८ मध्ये त्याने कार्नेगी हॉलमध्ये जाझ घुमवला, आणि त्याच वर्षी बुडापेस्ट क्वार्टेटबरोबर मोझार्टचं क्लॅरिनेट पंचक ध्वनिमुद्रितही केलं. वाजवणाऱ्यांना एका घरातून दुसऱ्या घरात जाताना फारसं अवघड वाटत नसावं. दारं आपण ऐकणारे लावून घेतो. माझं म्हणाल तर मीही कॉलेजात असताना अण्णांचीच री ओढायचो, सिनेमाच्या गाण्यांना नाकं मुरडायचो. आत्या काही बोलायची नाही.

तर हा शोध खिशात घालून रविवारी आत्याकडे गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. सत्त्याहत्तर वर्षांहून जुनी गोष्ट, पण निदान तिचा गुन्हा नव्हता एवढं तरी ठरेल. तिने गवार मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं.

"अण्णांना ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "बुवांचा शिष्य आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तर एवढे चिडले. बाहेरच्या कुणी केलं असतं तर हसून सोडून दिलं असतं."

मला काय बोलावं सुचेना. मोबाइलवर गाणं लावलं. मधली शिट्टी आली तेव्हा आत्याने गवार बाजूला ठेवली, ओठांचा चंबू केला. कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे नुसती हवा आली. दोघंही हसलो.

मग तिने कानातलं मशीन नीट बसवलं. "परत लाव," म्हणाली. "पहिल्यापासून."