पाणी कुठून येतं?

मालदीवमध्ये साधारण बाराशे बेटं आहेत आणि त्यातल्या जेमतेम दोनशे बेटांवर लोकवस्ती आहे. रिसॉर्ट्स उरलेल्यांपैकी काही बेटांवर, एका बेटावर एक. १९७२मध्ये मालेजवळ पहिलं रिसॉर्ट उघडलं, ‘कुरुंबा’. धिवेही भाषेत कुरुंबा म्हणजे शहाळं. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली ती थेट २००९मध्ये. तोवर पाहुणे आणि गावकरी यांच्यामध्ये समुद्र होता. महागड्या मालदीवमध्ये तो अजूनही आहे.

अशाच एका बेटावर बोनसच्या पैशांतून आईबाबांना चार रात्रींसाठी घेऊन गेलो. आई पहिल्या संध्याकाळीच रुळली. बाबांना मात्र करमेना. बॅग उचलायला कोणी आलं की ते आधी उचलायचे, टॉवेल घडी घालून ठेवायचे. नगरपालिकेच्या पंपहाऊसवर ऑपरेटर म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. आंघोळ करून आले आणि म्हणाले, “इथं नदी नाही, विहीर नाही. पाणी कुठून येतं रे?”

प्रश्न रास्त होता. प्रवाळाच्या अशा बेटाखाली गोडं पाणी असतं, पण ते म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाचा पातळ थर. जास्त उपसला की खारं वर येतं. म्हणून समुद्राचंच पाणी प्रचंड दाबाने पडद्यांतून ढकलून गोडं करतात. त्याला लागते वीज, विजेला डिझेल, आणि डिझेल येतं बोटीने. २०१४च्या डिसेंबरमध्ये मालेतल्या अशा प्रकल्पाला आग लागली, तेव्हा लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवलं होतं.

रिसेप्शनवर विचारलं, तर प्लांट बघायला परवानगी मिळाली. बेटाच्या मधोमध, दाट झाडीआड जनरेटर, पाण्याचा प्लांट, धोबीखाना आणि कामगारांच्या खोल्या. किनाऱ्यावरून यातलं काहीच दिसत नाही, ऐकू येत नाही. ऑपरेटर बांगलादेशी होता. बाबांनी पंपावर तळहात ठेवला, क्षणभर थांबले आणि आपल्या हिंदीत म्हणाले, “बेअरिंग आवाज करतंय.” तो हसला. “हाँ चाचा, अगली बोट से नया आएगा.” मग अर्धा तास त्या दोघांना माझी गरज नव्हती. चार दिवसांत बाबा पहिल्यांदाच कोणाशी इतकं बोलत होते.

मी सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल असतो. आमच्याकडे चांगली रात्र म्हणजे आम्ही आहोत हे कोणाच्या लक्षातही न आलेली रात्र. रिसॉर्टमध्ये आपण पैसे मोजतो ते बहुतेक याचेच. ‘पाणी कुठून येतं’ हा प्रश्नच पडू नये, याचे. आमच्या घरीही तो कधी कोणाला पडला नाही. दिवाळीच्या पहाटे अख्खं गाव अभ्यंगस्नान करायचं आणि बाबा ड्यूटीवर असायचे. चार दिवस दुसऱ्या कोणी ड्यूटी करावी आणि त्यांनी नुसतं बसावं, एवढंच मला त्यांना द्यायचं होतं. त्यांनी घेतलं ते वेगळंच.

त्या रात्री आईने घरच्या ग्रुपवर सूर्यास्ताचे अकरा फोटो टाकले. बाबांनी एकच टाकला, प्रेशर गेजचा. खाली लिहिलं होतं, “साठ किलो!”