एका एकवीस अंकी संख्येविषयीं

दोन हा अंक सदुसष्ट वेळां मांडून त्यांचा गुणाकार करावा व येणाऱ्या फळांतून एक वजा करावा, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या मिळते. लीलावतींत भास्कराचार्यांनीं परार्धापर्यंत अठरा स्थानें सांगितलीं आहेत; ही संख्या त्यांच्याही पलीकडे तीन घरें जाते, तेव्हां तिचा उच्चार करण्याच्या भानगडींत मी पडत नाहीं. माझें लक्ष वेधलें तें एका साध्या प्रश्नानें : हिला कोणी भाजक आहे कीं नाहीं?

मेर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मबंधूंनीं १६४४ मध्यें या जातीच्या मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली व तींत हिलाही स्थान दिलें. १८७६ मध्यें ल्यूका यांनीं ती मूळ नाहीं असें सिद्ध केलें. पण गंमत अशी कीं, भाजक एकही दाखविला नाहीं! घरांत चोर आहे हें नक्की, मात्र तो कोणत्या खोलींत हें ठाऊक नाहीं, अशांतला हा प्रकार. माझा प्रथम विश्वासच बसेना.

चोर धरला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक कोल यांनीं. १९०३ च्या ऑक्टोबरांत गणितज्ञांच्या सभेंत ते फळ्यापाशीं गेले. एका बाजूस त्यांनीं दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. उत्तरें जुळलीं, आणि एक अक्षरही न बोलतां ते जागेवर जाऊन बसले, असें सांगतात. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असेंही सांगतात. रविवार विश्रांतीचा, असें आमच्या शाळेंत शिकवितात. तेव्हां या गृहस्थांस काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

तो गुणाकार मीं कागदावर करून पाहिला. भीति वाटते तितका तो मोठा नाहीं. लहान भाजकांत सात तीनदां, एक दोनदां व शून्य एकदां येतें. म्हणून नऊ, तीन, सात व दोन यांच्या चारच ओळी खऱ्या करावयाच्या, बाकीच्या नुसत्या उतरून घ्यावयाच्या. सातांची ओळ ५३,३२,८६,७८,०१,००९ अशी येते.

मला अधिक नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. दोन्ही भाजकांतून एक वजा करून १३४ नें, म्हणजे सदुसष्टाच्या दुपटीनें, भागा; बाकी कांहींच उरत नाहीं. हा योगायोग नव्हे. फर्माच्या सिद्धांतावरून अशा संख्येचा प्रत्येक मूळ भाजक तसाच असावा लागतो. म्हणजे दर १३४ संख्यांपैकीं एकच तपासावयाची. तरी ओळीनें जाणाऱ्यास पहिला भाजक सांपडेपर्यंत १४,४५,५८० उमेदवार ओलांडावे लागतील!

मेर्सेनच्या यादींत एकसष्टावा घात नाहीं. वास्तविक त्यांतून एक वजा केल्यास येणारी संख्या मूळ आहे, आणि तें १८८३ मध्यें दाखविणारे रशियांतील पेर्वुशिन हेही धर्मोपदेशकच होते. तिचा पडताळा कोलप्रमाणें फळ्यावर मुकाट्यानें कसा द्यावा, हें मात्र मला उमगत नाहीं; तेथें गुणून दाखवावयास कांहीं नसतेंच.