दोन राखाडी आणि आईचे डोळे

आज केळीचं नाही, भिंतीचं लिहितोय. बाग तुटली, चार पैसे आले, म्हणून आईच्या खोलीला रंग काढला. पोरानं शेड कार्डावर दोन राखाडी निवडले. एक निळसर, पावसाळी आभाळासारखा. दुसरा मातकट, चुलीतल्या गार राखेसारखा. कार्डावर मला दोन्ही एकच वाटले.

आपलं काळं रान ओलं असताना काळंकुट्ट, वाळलं की करडं. मन्सेलच्या पुस्तकाशी माती ताडून बघणारे साहेब लोक ती ओली का कोरडी हे आधी लिहितात. भातवाले पानाचा रंग तक्त्याला लावताना त्यावर स्वतःची सावली धरतात. मग भिंतीला घाई कशाला? दोन्हीचे छोटे डबे आणले, प्रायमरवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारले, दोन हात दिले आणि दोन दिवस वाळू दिले.

खिडकी उत्तरेला. तिथं ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड, तो मुळातच निळसर. त्यात निळसर पट्टा भर दुपारीपण उदास दिसायचा. मातकट बरा, पण बाहेरच्या केळीचा हिरवा उजेड पडून सकाळी जरा शेवाळी वाटायचा. रात्री ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या बल्बात निळसर अजून निळा. ३००० चा पिवळसर बल्ब लावला तर मातकट खुलला. फोटो मुद्दाम टाकला नाही. मोबाईल पांढरा रंग स्वतःच जुळवून घेतो, फसगत होते.

मग आईला विचारलं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिनं एक-एक डोळा झाकून बघितलं. "ह्या डोळ्यानं निळा दिसतोय, त्यानं सगळं पिवळंच," म्हणली. पिकलेला मोतीबिंदू निळा उजेड अडवतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमची दोन दिवसांची चर्चा तिनं दोन मिनिटांत मोडली. वर म्हणली, "रंग कुठलाबी द्या, रात्री बटण सापडलं पाहिजे."

हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. फिक्या राखाडीवर पांढरा बोर्ड तिला दिसतच नाही, गेल्या महिन्यात अंधारात चाचपडताना पडता पडता वाचली. शेवटी मातकट दिला, बोर्डाभोवती वीतभर गेरूचा पट्टा, दाराच्या चौकटीलापण गेरूच. पोरगं नाराज आहे, म्हणतंय खोली शाळेसारखी दिसती.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तेव्हा परत विचारतो, कुठला रंग दिसतोय.