काजूची फांदी

आमच्या कोंबड्या काजूवर झोपत. परड्याच्या कडेला, विहिरीकडे झुकलेला तो जुना काजू. दिवेलागणीला एकेक कोंबडी आधी गडग्यावर चढे, मान वाकडी करून फांदीचा अंदाज घेई आणि पंख फडफडवत वर जाई. मग जागेवरून थोडी कुरकुर, थोडी ढकलाढकल, आणि अंधार दाटला की सगळं शांत. कोंबडी फांदीवर बसली की पायातली शीर आपोआप ताणते आणि बोटं फांदीभोवती मिटतात. म्हणून झोपेतही ती पडत नाही. लहानपणी मी कंदील घेऊन हे बघायला जायची आणि आई हाक मारायची, "उजेड नको गो, निजांदेत तेंका."

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. पहाटेपासून वारा नुसता घोंगावत होता. दुपारी बाहेर आलो तेव्हा काजू मुळांसकट आडवा झाला होता. संध्याकाळी कोंबड्या नेहमीच्या वेळी गडग्यावर चढल्या आणि जिथे फांदी असायची त्या रिकाम्या हवेकडे बघत उभ्या राहिल्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेलं नाही. त्या तिथेच, गडग्यावर झोपल्या. आठवड्याभरात तीन गेल्या. सकाळी फक्त पिसं दिसायची. उदमांजर असेल, नाहीतर रानमांजर.

पावसाळाभर उरलेल्या कोंबड्या पडवीत डालग्याखाली ठेवल्या. पण आईने तेव्हाच काजूची एक सरळ, मनगटाएवढी फांदी तोडून चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दिली होती. काजूचं लाकूड मऊ, त्याला कीड पटकन लागते. धुरात राहिलं तर टिकतं. "खुराडा बांधशीत तेव्हा ही आत घाल," एवढंच ती म्हणाली.

खुराडं बांधायचं तर लाकूड घरचंच हवं, हे मी ठरवून टाकलं होतं. आमच्या जमिनीत ऐन आहे, किंजळ आहे. ऐनाचं लाकूड चांगलं मजबूत. पण दोन्ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय त्यांना कुऱ्हाड लावता येत नाही. आणि कायदा नसता तरी मी त्या ऐनाला हात लावला नसता. इतकं मोठं झाड कोंबड्यांच्या घरासाठी पाडायचं नसतं. बाबांनी कुंपणाला लावलेली आकेशियाची रांग मात्र फार दाट झाली होती. त्यातली सहा झाडं पौषात, अमावास्येच्या आसपास तोडली. काळोख्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही, असं इकडे मानतात. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण थंडीत झाडात रस कमी असतो आणि लाकूड सावकाश सुकतं, एवढं खरं.

तोडल्या दिवशीच साल सोलायला बसले. ओलं असताना कोयतीचं टोक आत सारलं की हातभर पट्टा एकदम सुटतो. दोन दिवस गेले की तीच साल चिकटून बसते. सालीखाली पांढुरकं ओलं लाकूड, आणि करवतीच्या कापात मध्ये तांबूस गाभा. बाबांनी रोपं लावली तेव्हा मी चौथीत होते. कापावरच्या त्या तांबूस वर्तुळावर मी बराच वेळ हात ठेवून बसले होते. ओंडके तीन महिने सावलीत रचून ठेवले.

चैत्रात सुतारकाका आले. त्यांचं पहिलंच वाक्य: "मेढ मातयेत पुरू नको बाय, चिऱ्यार बसय." जिथे लाकूड माती आणि हवा यांच्या सीमेवर येतं, तिथेच ते आधी कुजतं आणि वाळवीही तिथूनच चढते. म्हणून चार चिरे, त्यांवर मेढी, मेढींच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल. जमीन दोन फूट उंच, खालून हवा खेळती. भिंती गुडघ्यापर्यंत ओंडक्यांच्या, कोपऱ्यावर एकमेकांत बसणाऱ्या खाचा पाडून. काका वाकसाने खाच तासत, ओंडका बसवून बघत, उचलत, पुन्हा तासत. एका कोपऱ्याला अर्धा दिवस. फटी शेणमातीने लिंपल्या, कारण कोंबड्यांचं रक्त पिणारी बारीक तांबडी कीड दिवसा फटीतच दडून बसते. वरच्या अंगाला चिव्याच्या काठ्या, त्यांत दोन बोटांहून कमी अंतर, आतून जाड जाळी. मुंगसाचं डोकं शिरलं की मुंगूस शिरलंच. वर जुनी कौलं, दार पूर्वेला, पावसाचा मारा पश्चिमेचा म्हणून.

सगळ्यात शेवटी माळ्यावरची काजूची फांदी काढली. धुराने काळी झालेली. ती आडवी बसवली.

कोंबड्या दोन रात्री आत गेल्या नाहीत. कौलांवर बसून राहिल्या. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. पहाटे पलीकडच्या जंगलातून राखाडी रानकोंबडा ओरडतो, तो आजही झाडावरच झोपतो. पाळीव कोंबडीचं मूळ कूळ तांबड्या रानकोंबड्याचं, पण तिच्या कातडीचा पिवळा रंग या राखाडीकडून आला, हे 2008 साली जनुकं तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं. उंच फांदीची ओढ इतकी जुनी आहे. ती दोन दिवसांत कशी जाईल?

तिसऱ्या संध्याकाळी कबरी कोंबडी दारात थांबली. मान वाकडी करून तिने वर बघितलं, तसंच, गडग्यावरून बघायची तसं. आणि उडाली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. आई पडवीच्या पायरीवर बसली होती, काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले.

दर अमावास्येला मी त्या फांदीला करंजेल लावते. खुराड्यात साल न सोललेलं तेवढं एकच लाकूड आहे.